मिठाच्या होडीने कल्याणचे तेलाचे इंजिन पाहायला

कल्याणच्या म्युनिसिपालिटीने विजेचे दिवे लावण्यासाठी घासलेटवर चालणारे इंजिन आणले असून त्याला माणूस हवा आहे, असे कळले आणि बाबांनी जायचे ठरवले. आमची होडी पावसाळ्यात फुटली, दुसरी घेण्याची ऐपत नाही. घरात वाचता येणारी मी पहिलीच, म्हणून इंजिन कसे चालवायचे ते सांगणारा इंग्रजी कागद म्युनिसिपालिटीतून आणून, मराठीत उतरवून मी तो त्यांच्याकडून पाठ करून घेतला. ‘दहा मिनिटे तापवावे’ येथे अडले, कारण बाबांना घड्याळ कळत नाही. मी चर्चमधल्या घड्याळासमोर बसून मोजले. दहा मिनिटांत तीस वेळा ‘नमो मरिया’ची प्रार्थना म्हणून होते.

कोपरीहून पहाटे भरतीबरोबर शेजाऱ्यांच्या मिठाच्या होडीतून निघालो. घाई असेल त्याने आगगाडीने जावे. खाडीने गेले की मुंब्र्याचा डोंगर बराच वेळ सोबत करतो आणि भाकरीबरोबर सुके बोंबील निवांत खाता येतात. डोक्यावर मात्र काहीतरी घ्यावे. कल्याणच्या बंदराला लागताच होडीचे तांडेल म्हणाले, “ओहोटी लागली का मी निघनार. कोनासाठी थांबायचा नाय.”

इंजिनाची शेड बंदराजवळच आहे. इंजिन बैलाएवढे. पट्ट्याने ते शेजारचे वीज तयार करणारे यंत्र फिरवते, आणि तारेच्या टोकाला काचेचा एकच दिवा. मुंबईहून आलेले मिस्त्री बाबांना म्हणाले, “चालवून दाखव.”

बाबांनी इंजिन तापवायचा घासलेटचा पेटता दिवा त्याच्या लोखंडी टोपीखाली ठेवला. त्यांचे ओठ हलू लागले. मीही मनात मोजत होते; माझे वीस झाले तेव्हाच त्यांनी चाक फिरवले. पांढरा धूर आला आणि इंजिन गप्प.

“अरे, हे वल्हं नव्हे,” शेजारी उभा असलेला म्युनिसिपालिटीचा कारकून म्हणाला.

“थंड आहे,” मिस्त्री म्हणाले. “दहा मिनिटं म्हणजे किती, ठाऊक आहे?”

“तीस झाले ना, बाय?” बाबांनी मला विचारले.

सांगितले तर हसे होणार, न सांगितले तर परत पाठवणार. मी सांगितले, “त्यांना घड्याळ येत नाही. मीच प्रार्थनेवर मोजायला शिकवलं. घाबरले की ते भरभर म्हणतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही.”

कारकून हसला. मिस्त्री हसले नाहीत. “मग मोठ्याने म्हण. आम्हीही ऐकतो.”

बाबांनी खड्या आवाजात तीस म्हटले. कारकून डोक्यावरची टोपी सारखी करत उभा होता. या वेळी इंजिनाने पकड घेतली. तारेवरचा दिवा आधी लाल झाला, मग पिवळा. भर उन्हात तो फारसा उजेड देत नव्हता.

मिस्त्री म्हणाले, “आजपासून राहा. पण महिन्याभरात शेडमधलं घड्याळ वाचता आलं पाहिजे.”

ओहोटी लागेपर्यंत आम्ही त्या घड्याळाखाली बसलो. मोठा काटा शिकवून झाला, तोच बंदरावरून तांडेलाची हाक आली.

आता मी घरी आहे, बाबा कल्याणला. इंजिन तापवायला मोठा काटा पुरतो. दिवे कधी लावायचे ते मावळतीवरून कळेल. विझवायचे कधी, हे मात्र छोटा काटा सांगतो, आणि तो शिकवायचा राहिला.