बाळाक्काची सुरगाठ

त्या दिवशी आमी चौघं हुतो. मी, माझं मालक, दम्यानं खाटंला खिळल्यालं, माझा धाकटा दीर, मिलट्रीतनं पेन्शन घिऊन आल्याला, सगळा गाव त्येला सुभेदार म्हणतो, आन् बाळाक्का. आता तिघं हाय. चौघांतलं शाणं माणूस गेलं आन् येडी मागं ऱ्हायली, ह्ये मी आधीच सांगून टाकते.

बाळाक्का आमच्या नात्याची न्हवं. ती जतच्या पल्याडची, धनगराची. त्येंची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घिऊन आमच्या किष्णाकाठाला यायची, खतासाठी रानात मेंढरं बसवायची, आन् मिरगाला माघारी जायची. एका साली तिचा नवरा हितंच गेला. पोटाला पोर न्हाई. मग ती माघारी गेलीच न्हाई. आमच्या गोठ्याला लागून चार पत्र्यांचं खोपाट केलं आन् आमच्यात शेणघाण काढायला यायला लागली.

पयल्याच दिवशी तिनं गोठ्यात येऊन चारी म्हशींची दावी सोडली. मी धावले.

"आगं ए, काय करतीस?"

"निरगाठ मारलीया तुमी. ही कशी सुटायची?"

"सुटू नये म्हणून तर मारलीया!"

"बांधताना सोडायचं बघावं, बाय," ती म्हणली, आन् एकेक दावं परत बांधलं. सुरगाठ. जनावरानं कितीबी वढलं तर घट्ट, आन् माणसानं गाठीचं मोकळं शेपूट वढलं की एका झटक्यात दावं हातात. मेंढरावर लांडगा आला तर गाठ सोडत बसायला येळ कुठला? त्येंच्यात म्हणं पोरीला भाकरीच्या आधी ही गाठ शिकवत्यात.

दुसरी तिची खोड म्हंजी गाठोडं. दाराच्या आत खुंटीला घोंगड्यात बांधल्यालं गाठोडं कायम. दर अवसंला खाली काढायची, काड्यापेट्या उन्हात टाकायची, जुनं पीठ भाजून खायची, नवं भरायची. मीठ, मिरची, गुळाचा खडा, तवा, बॅटरी, दुधाच्या पिशवीत घट्ट बांधल्यालं रेशनकार्ड. भरायची बी रीत हुती. "ज्ये आधी लागतंय त्ये शेवटी भरावं. अंधारात हात घातला की तेच गावलं पायजे." बायका पाण्याला जाताना टोमणं मारायच्या, "आक्का, आज कुठल्या गावाला?" ही म्हणायची, "पाणी न्हेईल त्या गावाला. तुमाला यायचं तर पिशवी भरा."

सुभेदार तर लय हसायचा. "माळावरची बाई! हंडाभर पाण्याला कोसभर चालल्याली. हिला काय म्हाईत किष्णाबाय?"

"म्हाईत न्हाई म्हणून तर भेते, सुभेदार. तुमी बघून बघून आंधळं झालाय."

मग एक साल शेजारच्या वाडीत म्हशी चोरीला गेल्या. सुभेदारानं इस्लामपुरातनं साखळ्या आणल्या. गव्हाणीच्या बुडाला सिमेंटात कड्या बशिवल्या, चारी साखळ्यांस्नी कुलपं घातली आन् एकच चावी, ती आपल्या करदोट्याला बांधली. मिलट्रीचा माणूस, त्येला सगळं बंदोबस्तात लागतंय.

बाळाक्का दारात उभी. "चावी हितं खुंटीला ठिवा, सुभेदार."

"चोरासाठी ठिवू व्हय?"

"मग तुमीच गोठ्यात निजा म्हशीसंगं."

त्यो हसला. मालक हसलं. मीबी हसले. त्ये हसणं अजून माझ्या तोंडात हाय, कडू जहर.

त्या पावसात आठ दिस उघडीप न्हवती. धरणाचं पाणी सोडलंय म्हणून दवंडी झाली. सकाळधरनं गावातली बापय माणसं मारुतीच्या देवळाम्होरं. तिथं तिसऱ्या पायरीला जुन्या लोकांनी रेघ मारल्याली. पाणी त्या रेघंच्या वर कवा आलं न्हाई, म्हणून सगळी तिकडं डोळं लावून. सुभेदारबी तिथंच, चावी कमरंला घिऊन.

बाळाक्का गाठोडं डोक्यावर घिऊन आमच्या सोप्यात आली. "पारू, मालकास्नी वर घ्या. स्लॅपवर."

"आगं, पायरीला पाणी लागलं न्हाई अजून."

"नदीकडं काय बघताय? वढ्याकडं बघा!"

मी परड्यात गेले. वढा उलटा चालला हुता. नदीकडनं गावाकडं. उसाचं पाचट, फेस, कुणाची तरी चप्पल, सगळं वर येत हुतं. पाणी म्होरनं यील म्हणून सगळा गाव पायऱ्या मोजत बसला, आन् ते मागनं आलं. मालकास्नी धरून आमी दोघींनी जिना चढवला, तवर देवळाकडची वाट बुडाली हुती. सुभेदार त्या अंगाला, आमी ह्या अंगाला.

बाळाक्कानं गाठोडं मालकांच्या उशाला ठिवलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आन् पहार घिऊन खाली गेली. पाण्यात उभी ऱ्हाऊन सिमेंटातल्या कड्या उपसायला लागली. वरनं मला नुसता घाव ऐकू यायचा. एक म्हस साखळीसकट भाईर आली आन् पवत टेकाडाकडं गेली. मग दुसरी. लय येळानं तिसरी. मग आक्का जिन्यापाशी आली. छातीएवढं पाणी. दम लागल्याला. एक पाय पायरीवर ठिवला तिनं. वर आली असती.

आन् मी वराडले, "आक्का, मोरी ऱ्हायली!"

मोरी माझी लाडाची म्हस, पयलारू. हातानं पाजून वाढिवल्याली.

तिनं वर बघितलं. रागानं न्हाई. "व्हय गं, ऱ्हायली खरी," म्हणली, आन् माघारी फिरली. दोन घाव ऐकले मी. तिसरा न्हाई. गोठ्याची भिंत मातीची हुती, ती बसली. पोतं टाकल्यासारखा आवाज झाला. एवढंच.

गाव म्हणतंय पाण्यानं न्हेली. पाण्यानं न्हाई. एक त्या कुलपानं न्हेली आन् एक माझ्या जिभंनं.

दुपारी मालकांचा दमा उठला. औषधं खालच्या फडताळात, पाण्याखाली. डोळं पांढरं व्हायला लागलं. मला काय सुचंना, म्हणून गाठोडं फोडलं. सगळ्यात वर, अगदी वर, त्येंचा फुसकारायचा पंप आन् गोळ्यांची पट्टी. बाजाराच्या दिशी तिनं माझ्याकडनं ज्यादा मागून घेतल्या हुत्या. मला वाटलं हुतं, म्हातारीला कशाला? त्येच्या खाली बॅटरी, काडी, पीठ. आन् पेलं. एकल्या बाईच्या गाठोड्यात चार पेलं.

दुसऱ्या दिशी नाव आली तवर आमी तिचंच पीठ पाण्यात कालवून खाल्लं. दोन पेलं तसंच कोरडं ऱ्हायलं.

पाणी वसरल्यावर चौकात तिचा फ्लेक्स लागला. तिचा फोटू कुणाकडं न्हवता, म्हणून रेशनकार्डावरचा मोठा केला, तोंड वळखू येईना. भाषणं झाली. "निसर्गाम्होरं कोण काय करणार?" म्हणं. जित्ती हुती तवा येडी, मेल्यावर वीरांगना! फ्लेक्सवर तिनं सांगितल्याली एक गोष्ट तरी लिहायची हुती. तीबी न्हाई. सुभेदार रडला, खोटं कशाला बोलू, पोटातनं रडला. मला वाटलं, चला, शाणा झाला.

औंदा मिरगाच्या आधी नव्या गोठ्यात गेले. टेकाडावर वाचल्याल्या तीन म्हशी, मोरीच्या जागी एक नवी. नव्या साखळ्या. नवी कुलपं.

माझ्या मस्तकात आग गेली. "भावजी, ह्ये काय?"

"वैनी, चोऱ्या परत वाढल्यात."

"वाढू द्यात. चोर जित्तं न्हेतो, भावजी. चावी द्या."

"आवं पर..."

"द्या म्हणते ना!"

चाळीस वर्सांत त्येच्यावर आवाज चढवला न्हवता मी. त्यानं करदोट्याची चावी सोडून दिली. मी कुलपं काढली आन् चावीसकट हिरीत टाकली. मग दावी आणली, आन् माझ्या ह्या वाकड्या बोटांनी चार सुरगाठी मारल्या. "आता वढा," म्हणलं. त्यानं गाठीचं शेपूट वढलं. दावं हातात आलं. त्यानं ते डोळ्याला लावलं. मी काय त्येची समजूत काढली न्हाई.

ज्ये कोण ह्ये वाचतंय त्यानं एवढं करा. ह्ये खाली ठिवा आन् उठा. जनावर आसंल तर गोठ्यात जावा, नसंल तर घराच्या मागच्या दाराशी जावा. कुलूप आसंल तर चावी कुणाच्या कमरंला हाय ती बघा, आन् ती तिथंच खुंटीला लावा. दावं एका वढीत सुटतंय का, सोता वढून बघा. आत्ता जावा.