तिसऱ्या रॉडची कॅप

ओरिन झ्विकर मापं घेण्याआधी हात धुवायचा. चहा उभ्यानेच प्यायचा. आपल्या मायक्रोमीटरला कुणाला हात लावू द्यायचा नाही. राग आला की शिट्टी वाजवायचा.

त्या सकाळी लुनेनबर्ग बंदरातल्या गॅरेजमध्ये शिट्टी थांबतच नव्हती. शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडायच्या हंगामाला निघालेल्या बोटीचं इंजिन त्याच्यापुढे उघडं होतं. पिस्टन शाफ्टला जोडणाऱ्या तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगमध्ये फट मोजायचा मेणाचा बारीक दोरा ठेवून त्याने रॉडची कॅप आवळली आणि पुन्हा काढली. दोरा जेमतेम चपटा झाला होता. म्हणजे फट फार होती. भर समुद्रात तेलाचा दाब उतरला असता आणि इंजिन जाम झालं असतं.

"बेअरिंग कोरी आहेत, म्हातारबा! मोजत काय बसलात?" गॅरेजचा मालक ब्लेअर खेकसला. "इंजिन आज जाणार."

"बेअरिंग कोरी, पण शाफ्ट झिजलाय. बोटीवर तू जाणार आहेस का रे?"

"तुम्हाला जमत नसेल तर मी आवळतो."

"आवळ की!"

ज्या रॉडची कॅप त्यालाच बसते; दुसरी चालत नाही. ओरिनने तिसरी कॅप जेवणाच्या डब्यात टाकली, डबा काखोटीला मारला आणि तो तडक घरी गेला. इंजिन तसंच उघडं राहिलं. शाफ्टवरचं मेणही पुसायचं राहिलं.