वळणापलीकडची रेंज

दूर उत्तरेतल्या ग्रानट्रेस्क गावच्या खाणीत ईवार मार्कलुंड मेला तो रेंज गेल्यामुळे. गावात कोणालाही विचारलं तर हेच सांगायचे, आणि ते खरंच होतं. सुरुंग उडवल्यावर ताज्या उघड्या दगडाखाली माणसाने जायचं नाही, म्हणून फुटलेला दगड बादलीत भरून नेणारं यंत्र, लोडर, लांबून चालवायची सोय तेव्हाही होती. बोगद्याच्या अलीकडे पक्क्या छताखाली जीप उभी करायची, तिच्यात पडद्यासमोर बसायचं आणि आतला लोडर हातातल्या दांड्यांनी हलवायचा. पण बोगदा वळला की रेंज जायची. पडदा करडा पडायचा, लोडर जागीच थबकायचा, आणि मग कोणीतरी पायी आत जाऊन तो पुन्हा चालू करून यायचं. ईवार तेवढंच करायला गेला होता. वरून दगडाची लादी सुटली.

त्याचा मोठा भाऊ स्टुरे त्या वेळी वरच्या थरावर स्वतःचा लोडर भरत होता. तो खाली पोचला तेव्हा बाकीच्यांनी त्याला वळणाच्या पुढे जाऊ दिलं नाही. तिथून त्याला फक्त भिंतीवर पडलेला लोडरच्या दिव्यांचा उजेड दिसत होता.

दफनानंतरच्या कॉफीला कोळंबी लावलेला पावाचा गारढोण केक होता. स्टुरेने एक तुकडा बशीत घेतला आणि तसाच हातात धरून बसला. त्याच्या बायकोने, सोलवेगने, शेवटी ती बशी हळूच काढून घेतली. दुसऱ्या आठवड्यात तो युनियनच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "सुरक्षा प्रतिनिधी म्हणून माझं नाव घाला." त्याआधी तो कधी सभेत तोंड उघडणारा माणूस नव्हता.

पुढची कितीतरी वर्षं त्याने एकच गोष्ट लावून धरली. वळणापलीकडे रेंज पोचली पाहिजे. चित्र अडखळता कामा नये, दांडी हलली की त्याच क्षणी लोडर हलला पाहिजे, आणि कुठल्याही कारणाने कोणी पायी आत जाता कामा नये. कंपनी म्हणायची, असं बिनतारी जाळं अजून जमिनीवरसुद्धा धड नाही. स्टुरे म्हणायचा, मग होईल तेव्हा पहिलं इथे आणा. दर बैठकीत तेच. त्याच्याच पाळीतला बेर्न्ट त्याला चिडवायचा, "काय रे, तुला रेंज पाहिजे की मुक्ती?"

"तुला बोगद्यात बायकोचा फोन यावा म्हणून पाहिजे," स्टुरे म्हणायचा.

"नको रे बाबा! खाणीत येतो कशाला मी?"

अखेर नव्या पिढीचं जाळं आलं. वळणावळणावर रेंज पुढे पोचवणाऱ्या, पावाच्या डब्याएवढ्या चपट्या पेट्या ठोकल्या गेल्या. ठोकणाऱ्यांबरोबर स्टुरे स्वतः फिरला, प्रत्येक पेटीखाली उभा राहिला. जमिनीवर, कॅन्टीनच्या शेजारी, मोठ्या खिडक्यांची खोली बांधली. तिच्यात खुर्च्या, खुर्च्यांना दांड्या, समोर पडदे. आता सुरुंग उडाला की धूर निवळायचीही वाट पाहायची गरज नव्हती. यंत्राला कुठे श्वास घ्यायचाय? माणूस वर उन्हात बसून खालचा दगड भरू लागला.

पहिल्या दिवशी स्टुरेने लोडर मुद्दाम त्या बोगद्यात नेला. वळण आलं. चित्र जराही अडखळलं नाही. लोडर वळणापलीकडे गेला, बादली भरली, माघारी आला. स्टुरे उठून कॅन्टीनमध्ये गेला. सोलवेग तिथेच काम करायची. पीठ आणि बटाट्याचे डुकराचं मांस भरलेले गोळे उकळत्या पाण्यात सोडत होती. त्याचा चेहरा बघून तिने झारा खाली ठेवला.

"काय झालं?"

"गेला," तो म्हणाला. "वळणाच्या पुढे गेला."

तिथल्या माणसांसारखा तिने नुसता श्वास आत ओढून होकार दिला. मग त्याच्या ताटात दोन गोळे जास्तीचे वाढले.

त्यानंतरची तीन-चार वर्षं बरी गेली. पाठीचं दुखणं कमी झालं. हिवाळ्यातसुद्धा दुपारचा तेवढा उजेड डोळ्यांना दिसायचा. गावातली तीरा विकस्त्रोम नावाची मुलगी शिकायला त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आली. तिचा हात इतका हलका होता की बेर्न्ट म्हणायचा, "ही दगड नाही, अंडी भरतेय." खाणीत एकालाही साधं खरचटलं नाही. ईवारच्या कबरीवर रानातल्या लाल लिंगनबेरीच्या डहाळ्या ठेवताना स्टुरे वर्षातून एकदा हे तिथे सांगायचा. मोठ्याने नाही, मनातच.

मग एका शरदात कंपनीची इंजिनिअर कायसा सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलवून उभी राहिली. वाईट बाई नव्हती. सरळ बोलली. जाळं इतकं चांगलं चाललंय की खुर्च्या खाणीच्या डोक्यावरच असायला हव्यात असं काही उरलेलं नाही. इथून खाली जितक्या वेळात आज्ञा पोचते, जवळपास तितक्याच वेळात ती लांबच्या ऊमेओ शहरातूनही पोचते. कंपनीच्या सगळ्या खाणींच्या खुर्च्या ऊमेओला एका छताखाली येतील. ज्यांना यायचंय त्यांना जागा आहे. नंतर लोडर स्वतःच चालतील, तेव्हा खुर्च्या कमी लागतील, तेही तिने लपवलं नाही.

मग बेर्न्ट म्हणाला, "स्टुरे, बोल की काहीतरी. तुझंच लेकरू आहे हे."

सगळ्यांच्या माना वळल्या. स्टुरे उभा राहिला. त्याने विचारलं, "यात कोणाच्या जिवाला धोका आहे?"

"नाही," कायसा म्हणाली. "उलट आणखी कमी होईल."

सुरक्षा प्रतिनिधीला विचारता येण्यासारखं आणखी काही नव्हतं. तो खाली बसला. इतकी वर्षं त्याच्याकडे सगळ्या उत्तरांवर एक तरी प्रश्न असायचा. त्या दिवशी नव्हता. बाहेर पडताना बेर्न्टने त्याच्या खांद्यावर हात टाकला, पण बोलला ते बोललाच, "माणसं वाचवलीस खरी. आता ती ठेवायची कुठे ते सांग."

खिडक्यांची खोली वसंतापर्यंत रिकामी झाली. खोलीत माणसं नाहीत म्हटल्यावर कॅन्टीनला गिऱ्हाईक नाही. सोलवेगने शेवटच्या दिवशी मोठी पातेली घासून पालथी घातली आणि कुलूप लावलं. तीरा ऊमेओला गेली. बेर्न्टने घर विकायला काढलं, कोणी बघायलाही आलं नाही, तेव्हा दाराला किल्ली तशीच ठेवून तो मुलीकडे दक्षिणेला निघून गेला. हॉकीच्या मैदानावर बर्फ करायला त्या हिवाळ्यात पाणी सोडलंच नाही. बर्फावर खेळायला पोरं कुठे होती? दुकानातली बाई गेली आणि दुकान माणसाविना चालू लागलं, दार फोनने उघडायचं झालं. दुधाच्या कपाटाजवळ दोन शब्द बोलायची सोयही गेली. आणि माणसंच कमी म्हणून गावाच्या टेकडीवरचा फोनचा टॉवर फोन कंपनीने काढून नेला. खाली, दगडाच्या पोटात, सुईच्या टोकाएवढी थरथरही दिसेल असं जाळं होतं; पण ते खाणीपुरतं, यंत्रांचं. वर स्टुरेच्या स्वयंपाकघरात फोन खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकवून धरला तर लागायचा.

सोलवेगला ऊमेओच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिने ते जेवताना सांगितलं.

"आणि मी?" स्टुरेने विचारलं.

"तुझी खुर्ची आहे ना तिकडे. तीरा दर फोनला विचारते तुझं."

"मी नाही बसणार त्या खुर्चीत."

"का पण? कोणाचं काय चुकलंय त्यात?"

"कोणाचंच नाही."

"मग?"

"तेच तर."

तिने चमचा ताटात आपटला. "स्टुरे, तू ईवारसाठी केलंस ते केलंस. कोणी तुला बोट दाखवत नाही. तूच स्वतःला या गावात पुरून घेतोयस. मी नाही पुरून घेणार."

ती गेली तेव्हा त्यानेच तिच्या बॅगा गाडीत ठेवल्या, टायरमधली हवा तपासली, आणि रस्त्यात रेनडिअर आडवे येतात ते बघ म्हणून सांगितलं. दोघांत भांडण म्हणावं असं काही नव्हतं. सुरुवातीला ती दर शनिवारी यायची. मग महिन्यातून एकदा. रस्ता लांबचा, आणि तिचंही वय झालेलं.

स्टुरेने एका ठेकेदाराकडे काम धरलं. त्या चपट्या पेट्यांवर साचणारी धूळ पुसायची, सैल झालेल्या घट्ट करायच्या, दगडाच्या मारात फुटल्या तर बदलायच्या. खाणीत आत जाणारा तो जवळजवळ एकटाच माणूस उरला होता. त्याच्या पट्ट्याला एक बिल्ला असायचा. तो बिल्ला बोगद्यात शिरला की जाळ्याला कळायचं की इथे माणूस आहे, आणि त्या भागातले सगळे लोडर आपोआप थांबायचे. हा नियम त्यानेच एका बैठकीत लिहून घेतला होता.

एका सकाळी तो ईवारच्या वळणावरची पेटी पुसत होता. पुढे एक लोडर दिवे लावून उभा होता. आत कोणी नाही. आता त्याच्यात बसायला केबिनही उरली नव्हती. कानातल्या रेडिओवर तीराचा आवाज आला. ती ऊमेओहून एकटी चार लोडरांवर नजर ठेवायची.

"स्टुरे, तूच आहेस ना तिथे?"

"हो गं."

"किती वेळ लागेल? चारही उभे आहेत माझे."

"पुसतोय. पेटी सैल पण झालीये."

"आज नाही पुसलीस तर चालणार नाही का? चित्र तर स्वच्छ आहे." मग तिलाच ते कसंतरी वाटलं असावं. "तसं नाही रे म्हणायचं मला. सकाळपासून तिसऱ्यांदा थांबलेत, आणि इथे माझ्या मागे येऊन उभे राहतात लोक."

"कळलं. निघतो."

"तू बरा आहेस ना? सोलवेग भेटली होती मला परवा."

"बरा आहे."

त्याने पेटी अर्धवट पुसली, हत्यारं गोळा केली आणि बाहेर पडला. बिल्ला वळणाच्या अलीकडे आला आणि मागे लोडर सुरू झाल्याचा आवाज आला. स्टुरे जागीच उभा राहून ऐकत राहिला. यंत्र अगदी बरोबर चाललं होतं. बादली खुपसली, भरली, मागे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की या बोगद्यात आता अडथळा म्हणावं असं काही असेल तर ते आपणच. आपण आलो की काम थांबतं, आपण गेलो की सुरळीत होतं.

त्यानंतर कंपनीने नियम बदलला. देखभालीसाठी महिन्यातला एक दिवस ठरला, त्या दिवशी सगळी खाण बंद. स्टुरेला तेवढंच काम. पुढच्या वर्षी पेट्या पुसणारं एक छोटं चाकांचं यंत्र आलं, आणि काम संपलं हे सांगायला ठेकेदाराने त्याला फोन केला. रेंज नव्हती, म्हणून दोन दिवसांनी कळलं.

खाणीत अपघाताशिवाय दहा वर्षं झाली तेव्हा कंपनीने ऊमेओला समारंभ ठेवला. कायसाने स्वतः त्याला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. नदीकाठची काचेची इमारत, खाली एक दातांचा दवाखाना, वर खुर्च्या. तिथली बरीचशी माणसं तरुण होती, चांगली होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी खाण फक्त पडद्यावर पाहिली होती. कायसाने भाषणात त्याचं नाव घेतलं. ईवारचंही घेतलं. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तीरा रडली.

नंतर कॉफी घेताना एका पोरसवदा ऑपरेटरने त्याला विचारलं, "खाली खरं कसं असतं हो?"

स्टुरेने तोंड उघडलं. ओल्या दगडाचा वास, सुरुंगानंतर दात कडकडावेत तसा छतात होणारा आवाज, जेवणाच्या खोलीत वाळणारे मोजे, बेर्न्टची बडबड. यातलं काय सांगावं ते त्याला सुचेना.

"अंधार असतो," तो म्हणाला.

मुलगा हसला, मान हलवली. तेवढ्यात कोणीतरी त्याला हाक मारली, त्याची पाळी सुरू होत होती.

संध्याकाळी स्टुरे सोलवेगच्या दोन खोल्यांच्या घरी गेला. ती कामावरून नुकतीच आलेली, पाय कोमट पाण्यात सोडून बसली होती.

"कसं झालं?"

"चांगलं झालं. टाळ्या वाजवल्या."

"मग आता?"

"आता काय."

"राहा इथेच," ती म्हणाली. "तिकडे आहे काय आता?"

तो राहिला. ग्रानट्रेस्कचं घर बंद करून आला, नळातलं पाणी काढून टाकलं, नाहीतर गोठून नळ फुटले असते. हे घर कोणी घेणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी नळ का वाचवले ते त्याला सांगता आलं नसतं. ऊमेओला तो रोज नदीकाठी फिरायला जातो. काचेच्या इमारतीच्या बाजूचा रस्ता टाळतो. दुपारी सोलवेगसाठी बटाटे सोलून ठेवतो, आणि ती आली की ती विचारते, आज काय केलंस. तो म्हणतो, काही नाही. ती मान हलवते आणि शेगडी चालू करते.