आमच्या क्लबाची तहान

देवघरातली निर्माल्याची परडी कधी भरते ते कळत नाही. रोज चार फुले पडतात, दोन तुळशीची पाने पडतात आणि एका सकाळी ती काठोकाठ भरलेली दिसते. आमच्या सेवा क्लबाचे किस्से तसेच साठत गेले आहेत. नव्याने येऊ इच्छिणाऱ्या मंडळींना क्लबाची ओळख करून देण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. अध्यक्षांनी माहितीपत्रक दिले होते, पण ते वाचून कोणी आपला रविवार आम्हाला देईल असे मला वाटले नाही. म्हणून ही परडीच आपल्यापुढे रिकामी करतो.

*

आमचे अध्यक्ष दिनकरशेठ. जव्हारच्या बाजारात त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. माणूस सोन्यासारखा, फक्त माईक हाती आला की सोडवत नाही.

मी पडलो कीर्तनकार, तेव्हा क्लबाच्या सभेची सुरुवात अभंगाने व्हावी असा आग्रह मी पहिल्याच वर्षी धरला. आमच्या खजिनदार सुमनताई खोडाळ्याला राहतात. आयुष्यभर त्यांनी सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकला की माणूस आपोआप दंड पुढे करतो. त्या म्हणाल्या, "अभंग चालेल. पण एक नियम करा. अध्यक्षांचं भाषण अभंगापेक्षा लांब नको."

ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून ज्या रविवारी शेठना खूप बोलायचे असते, त्या रविवारी ते हळूच माझ्याजवळ येऊन म्हणतात, "बुवा, आज जरा मोठा अभंग घ्या."

*

आता मुख्य हकिकत. सूर्यमाळच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे. त्याच्या वरच्या अंगाला, कड्याच्या पोटात एक झरा आहे. चैत्र सरता सरता त्याचे पाणी इतके आटते, की बायका वाटीने हंडा भरतात. एक भरून होईपर्यंत बाकीच्यांनी उन्हात बसायचे आणि मग भरला हंडा घेऊन घसरड्या वाटेने उतरायचे. झऱ्यातला गाळ काढावा, दगडी टाके बांधावे आणि तिथून पाइपाने पाणी थेट पाड्यात उतरवावे, असा आमचा बेत होता. पाऊस लागला की कड्याची माती खाली येते आणि वर्षभर तिथे हात घालता येत नाही. म्हणजे जे करायचे ते त्याच उन्हाळ्यात.

निघण्यापूर्वी आम्ही मोठ्या विचाराने एक शिस्त ठरवली. पाड्यावर पाण्याचा दुष्काळ. तेव्हा तिथले थेंबभरही पाणी प्यायचे नाही, प्रत्येकाने आपली बाटली आणायची. या शिस्तीचा आम्हाला फार अभिमान वाटला.

पाड्यावर सोमीआजीच्या अंगणात बसलो. आजी वयाने माझ्याहून मोठ्या. पाड्यावर त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. त्यांनी पितळी लोटा भरून आणला आणि शेठपुढे धरला. शेठनी हात जोडले, पिशवीतून बाटली काढली आणि ती उंचावून दाखवली. सुमनताईंनी काढली, मीही काढली. सगळ्या बाटल्या एकदम वर झाल्या.

आजींनी लोटा आत नेला.

*

पुढच्या रविवारी पाड्याची बैठक होती. शेठनी पाइपाचा नमुना आणला होता. आजींचा मुलगा जानू भिवंडीला बांधकामावर जातो, तो उन्हाळ्यात घरी आलेला. त्याने पाइप हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाला, "माल एकदम बढिया हाय शेठ. पन आय नाय बोलते."

"का नाही बोलते?"

आजी दारातूनच म्हणाल्या, "ह्यांना आमच्या घरचा पानी चालत नाय. मग आमचा झरा कसा चालतो?"

शेठ चार वेळा समजावू लागले आणि चारही वेळा त्यांचे बोलणे पाइपाच्या जाडीवर जाऊन थांबले. पाडा उठून गेला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सुमनताई म्हणाल्या, "बुवा, तुमच्या लक्षात आलं का? तिला वाटलं, आपण विटाळ मानतो."

मी जन्मभर देवळात उभा राहून अभंगांतून समता सांगत आलो. त्या दिवशी जव्हार येईपर्यंत माझ्या तोंडून नाम निघाले नाही.

*

तिसऱ्या रविवारी आम्ही एकही बाटली न घेता गेलो. आता पाणी मागून प्यायचे आणि गैरसमज धुऊन टाकायचा, एवढेच ठरले होते. पण घडले निराळे. आजींनी चटई टाकली, पोरांनी आंबे आणून ठेवले, पाणी मात्र कोणी आणले नाही.

ऊन चढत गेले. शेठनी हवापाण्याचे बोलून पाहिले. मग ते खोकले. मग जरा मोठ्याने खोकले.

आजी जात्याशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "शेठला ठसका लागला रं जानू. त्याची बाटली दे त्याला."

"बाटली आणली नाही, आजी."

"का? फुटली?"

शेठनी सुमनताईंकडे पाहिले. सुमनताईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. तेव्हा आमचे अध्यक्ष, जे कोणत्याही सभेत शब्दाला अडत नाहीत, ते लहान मुलासारखे म्हणाले, "तहान लागली, आजी. पाणी दे."

"घोटभरच हाय."

"घोटभरच दे."

लोटा आला. शेठ प्यायले, सुमनताई प्यायल्या आणि लोटा माझ्याकडे आला. त्या दिवशी एकादशी होती. मी एकादशीला सूर्यास्तापर्यंत पाणीही घेत नाही, हे क्लबातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेठचा चेहरा पडला. सुमनताई पुटपुटल्या, "बुवा, मी सांगते हवं तर तिला, तुमचा उपास आहे."

आजी माझ्याकडे बघत होत्या.

मी लोटा कपाळाला लावला आणि प्यायलो. इतके गार, इतके गोड पाणी मी त्याआधी कधी प्यायलो नव्हतो. लोटा परत घेताना आजी म्हणाल्या, "अजून देऊ?"

संध्याकाळी देवापुढे उभा राहिलो. रोज मी बोलतो आणि तो ऐकतो. त्या दिवशी दोघांनाही काही बोलायचे नव्हते.

*

काम सुरू झाले. झऱ्यापाशी चप्पल न्यायची नाही, हा पाड्याचा दंडक. तापल्या कातळावर अनवाणी चालताना आमची मंडळी अशी नाचत, की वरून बायका हंडे धरून हसत. गाळ निघाला, दगड बसले, टाके उभे राहिले.

शेठनी मोठ्या हौसेने क्लबाच्या नावाची पत्र्याची पाटी रंगवून आणली होती. ती कुठे लावावी यावर आमची अर्धा तास चर्चा चालली. चर्चा संपवून पाहतो तो पाटी जागेवर नाही. जानूने ती टाक्यावर झाकण म्हणून बसवून वर दगड ठेवले होते. पाला पडू नये म्हणून. अक्षरे खालच्या बाजूला.

शेठ कळवळले, "अरे, नाव खाली गेलं की. आता ते कोण वाचणार?"

जानू म्हणाला, "टेन्शन कशाला घेता शेठ? पानी वाचील ना."

यावर मी एक संपूर्ण कीर्तन करू शकेन. अजून केले नाही, कारण माझे निरूपण जानूच्या वाक्यापेक्षा लांब होईल.

*

मधेच मोखाड्याचे एक गृहस्थ क्लबात येण्याविषयी चौकशी करायला आले. अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी विचारले, "सभासद झाल्यावर नेमकं काय मिळतं?"

सुमनताई पायातला काटा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चढ मिळतो. येताना उतारही मिळतो."

ते आज आमचे चिटणीस आहेत.

*

आणि मग तो रविवार. आकाश भरून येऊ लागले होते आणि पाऊस आधी येतो की पाइप, हीच सर्वांना धास्ती. शेवटचा जोड बसला तेव्हा दुपार कलली होती. जानू वर टाक्यापाशी गेला. खाली आजींच्या अंगणात नळाभोवती सारा पाडा जमला. मी नारळ घेऊन उभा होतो.

वरून जानूने आरोळी ठोकली. नळाने आधी नुसता सुस्कारा टाकला. मग लाल पाणी थुंकला. शेठ डोळे मिटून उभे राहिले. मग पाणी आले, पांढरेशुभ्र, बोटभर जाड धारेचे, आणि न थांबता येत राहिले.

"आजी, पहिला हंडा तुमचा," शेठ म्हणाले.

आजींनी हंडा लावला. तो भरेपर्यंत कोणी हलले नाही. भरला तशी त्यांनी तो कमरेवर घेतला आणि घराकडे न जाता शेठपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"बूट काढ."

"अं?"

"बूट काढ. मोजेबी."

"आजी, आधी तुम्ही प्या. पोरांना द्या. हे पाणी..."

"मला नको शिकवू. काढ."

शेठनी बूट काढले. एक सून हंड्याला हात लावायला पुढे झाली, तिला आजींनी कोपराने बाजूला सारले. मग तो भरला हंडा त्यांनी शेठच्या पायांवर ओतायला सुरुवात केली. थोडे ओतून थांबल्या नाहीत. पाणी अंगणभर पसरले, कोंबड्या धावत आल्या, उंबऱ्यावरच्या बायका नुसत्या बघत राहिल्या, आणि पुरे असे कोणी म्हणाले नाही. शेठ मान खाली घालून उभे होते.

हंडा रिकामा झाला. आजींनी तो पुन्हा नळाखाली लावला आणि वळून माझ्याकडे पाहिले.

"बुवा, तू काय बघतोस? ये पुढं."