आखूड पाय कुठला

आर्डिस कुबियाकला सख्ख्या बहिणीच्या लंगडण्याचा हेवा वाटत होता. ऐकायला विचित्र आहे, पण जळायचंच ठरवलं की माणसाला कारण कमी पडत नाही.

आर्डिस लहानपणी गोठ्याच्या माळ्यावरून पडली. डावी मांडी मोडली, हाड जुळलं, पण त्या पायाची वाढ तिथंच खुंटली. तेव्हापासून डाव्या बुटाला जाड तळ आणि चाल अशी, की ती येतेय हे डोळ्यांआधी कानांना कळावं. धाकटी मार्लीस मात्र उंच, सरळसोट. पोल्का नाचायला लागली की विस्कॉन्सिनच्या त्या भागात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. शुक्रवारी क्लबच्या हॉलमध्ये तळलेले मासे खाऊन झाले की बँड सुरू व्हायचा. मार्लीस आपली पर्स आर्डिसच्या मांडीवर टाकायची, "धर गं जरा," म्हणायची आणि आर्डिसच्याच नवऱ्याला, लिरॉयला, ओढत घेऊन जायची. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. लिरॉय बिचारा साधा माणूस, त्याला नाचायला आवडायचं, एवढंच. आर्डिस पर्स सांभाळत हसतमुखानं बसायची आणि आतून धुमसायची.

मग एका हिवाळ्यात मार्लीसचा उजवा खुबा बदलला. दुखणं गेलं, पण नव्या खुब्यानं तो पाय जरा लांब झाला आणि मार्लीस लंगडायला लागली. लगेच सगळा गाव गोळा. कुणी चीज घालून भाजलेल्या नूडल्सचं भांडं आणतंय, कुणी गाडीतून बाजाराला नेतंय, जो तो "बिच्चारी मार्लीस" म्हणतोय. आर्डिस उभा जन्म लंगडत होती, तिला कुणी वाटीभर सूप आणून दिलं नव्हतं. लिरॉयसुद्धा आधी मार्लीसच्या दारातला बर्फ उपसून यायचा, मग स्वतःच्या.

एका शुक्रवारी मार्लीसनं टेबलाखाली पाय पुढे केला.

"डॉक्टर म्हणाले, पाय कमीजास्त झालेत, बुटात टाचेखाली गादी घाल. दुकानातून आणली आणि उजव्यात घातली. बरोबर ना गं? तुझा मोडलेला पाय आखूड झाला, तसा माझा चिरलेला झाला असणार."

चूक आर्डिसला तिथल्या तिथे दिसली. मार्लीस उभी राहिली की तिचा कमरेचा पट्टा डावीकडे कलायचा. आधीच लांब झालेल्या पायाखाली बाईनं आणखी गादी घातली होती. आर्डिसला ते कळणार नाही तर कुणाला? गावातल्या हॉस्पिटलात बसून डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानांना कोड लावणं हेच तिचं काम. विम्याची सगळी गाडी त्या कोडांवर चालते. जन्मानंतर पाय कमीजास्त झाला असेल, तर कोड आखूड पायाच्या बाजूचा द्यायचा, असं कोडांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याच दिवशी सकाळी, हाताखाली नव्या आलेल्या टेसानं कोड लावलेली दुसऱ्याच एका रुग्णाची फाइल तिनं परत केली होती.

"ऑपरेशन कुठं झालं ते नको बघू. आखूड कुठला ते बघ."

"पण चिरलाय उजवा," टेसा म्हणाली.

"चिरू दे. लांब पायाला आपल्या पुस्तकात जागा नाही."

आणि आता बहिणीला मात्र ती म्हणाली, "तुझ्या डॉक्टरांना विचार बाई. घरच्यांच्या आजारपणात आम्ही नाक खुपसायचं नाही, नियम आहे."

नियम खरा होता, पण तो नातेवाइकांच्या फाइली उघडण्याबद्दल. आर्डिसनं बहिणीची फाइल उघडलीच नव्हती. बहिणीचा कललेला पट्टा बघायला कुणाची बंदी नसते, आणि हे तिला बोलतानाच ठाऊक होतं.

मार्लीसची कंबर धरली, मग पाठ. बँड वाजायचा आणि ती आर्डिसशेजारी बसून राहायची. आर्डिसला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण ते सुखही धड मिळेना, कारण लिरॉय आता मार्लीसच्या पाठीशी उशी ठेवण्यात गुंतलेला.

"आर्डिस, सरक जरा, तिला पाय ताणायचाय."

"आधीच लांब आहे तो," आर्डिस पुटपुटली. बँडच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी लिरॉय बिल द्यायला थांबला आणि दोघी बहिणी गाडीकडे निघाल्या. बाहेर बर्फ घट्ट झाला होता. मार्लीसनं आर्डिसचा दंड धरला.

"मी आयुष्यभर तुझ्यापुढे जाऊन दार उघडून धरलं," मार्लीस म्हणाली. "वाटायचं, केवढी मदत करतेय. तुझ्याबरोबर चालले कधीच नाही गं." थोडं थांबून म्हणाली, "नाच सोडला मी. नाचाचे बूट देऊन टाकणार आहे."

हे ऐकायला आर्डिसचे कान आसुसले होते. गप्प राहिली असती, तर ही बहीण अशीच, तिच्याच चालीनं, जन्मभर तिच्याबरोबर चालली असती. आर्डिस दोन पावलं तशीच चालली. मग थांबली.

"आत चल. बूट काढ."

कोट टांगायच्या जागेजवळच्या बाकावर तिनं मार्लीसच्या उजव्या बुटातली गादी उपसली आणि डाव्यात सारली.

"अगं, ऑपरेशन उजव्याचं झालंय!"

"म्हणूनच तो लांब झाला. आखूड डावा आहे."

मार्लीस उभी राहिली. दारापर्यंत जाऊन आली. पूर्वीची चाल नव्हती, पण खांदे एका रेषेत आले होते. तिनं एक गिरकीही घेऊन पाहिली. मग वळून विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं.

"तू विचारलंस तेव्हाच."

मार्लीसनं बुटाची नाडी आवळली. आत अकॉर्डियन सुरू झालं होतं. ती सरळ आत गेली, लिरॉयच्या हातातला कोट खुर्चीवर टाकला आणि त्याला ओढून नाचायला घेऊन गेली. आर्डिस मागून आपल्या चालीनं येऊन नेहमीच्या जागी बसली आणि सवयीनं तिनं हात पुढे केला.

पर्स मार्लीसच्या खांद्यालाच होती. नाचताना ती तिच्या कमरेवर आपटत होती, तरी तिनं ती काढली नाही. आर्डिसनं रिकामा हात मांडीवर ठेवला.