कप्तानाची काठी वाजली नाही

नाताळची सुट्टी संपली, पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि गावाबाहेरच्या त्या मोठ्या घरात दोनच माणसं उरली. वरच्या मजल्यावर म्हातारे मालक आणि खाली स्वयंपाकघरालगतच्या खोलीत आमची चिमी. चाळिशी उलटलेली बाई, पण भावंडांत शेंडेफळ, म्हणून अजून चिमीच. घर राखावं तर तिनंच. तिनं पुसलेल्या काचेवर माशी धडकून पडते, तिला वाटतं खिडकी उघडीच आहे. आमच्या घराण्यात कामचुकार कुणी जन्मलंच नाही, ती तरी कुठून निघणार?

मालक पूर्वी जहाजावर कप्तान होते. आता गुडघे गेले होते, पण ऐट तशीच. कुणाला हाक मारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. सकाळी जाग आली की ते काठीनं फळ्यांच्या जमिनीवर ठोकायचे. खालून चिमी झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायची. म्हणजे मी आहे, तूही आहेस, आता चहा टाक. एवढ्यावर दोघांचा दिवस सुरू व्हायचा. गप्पा मारायला दोघांनाही येत नव्हत्या.

पाहुणे गेल्यावरच्या पहिल्याच सकाळी काठी वाजली नाही.

चिमीनं शेगडी पेटवली. चहाचं आधण ठेवलं, ते आटलं, पुन्हा ठेवलं. म्हातारा माणूस, पोराबाळांच्या गोंधळानं दमला असेल, झोपला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. झाडूच्या दांड्यानं आपणच छताला ठोकून पाहिलं. वरून काही नाही. बाहेर सगळीकडे बर्फ, एक पाखरू ओरडत नव्हतं. छपरावरून बर्फाचा ढीग घसरून धप्पकन पडला, तर तिच्या हातातला कप सुटला. कालपर्यंत त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आज भिंतीवरचं घड्याळसुद्धा अंगावर येत होतं.

आता कुणी म्हणेल, जिना चढायचा आणि बघायचं, त्यात काय एवढं? ज्याचं जळतं त्याला कळतं. आधीच्या घरी चिमी एका आजीबाईंना सांभाळायची. त्या झोपेतच गेल्या, आणि दार उघडून बघणारी पहिली चिमीच. नातेवाइकांनी तिला उभं करून विचारलं, रात्री वर का गेली नाहीस, औषध दिलंस की नाही. डॉक्टरांनी वयच झालं होतं म्हणून सांगितलं, तरी दुकानात बाया कुजबुजायच्याच, की ही पांढऱ्या पायाची, हिच्या हाताखाली माणूस टिकत नाही. वर्षभर कुणी कामाला उभं केलं नाही. कप्तानानं तेवढं ठेवलं. म्हणाले, मी जहाजावर मांजरं, उंदीर आणि अपशकुनी खलाशी सगळे पाळलेत, तू त्यात काय जड.

आणि आता हेही गेले असले तर? दुसऱ्यांदाही दार उघडणारी तीच. मग तिला कुणी अंगणसुद्धा झाडू दिलं नसतं.

तिनं थोरल्या भावाला फोन लावला. थोरला म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, बंद पडलेलं इंजिन नुसतं कान लावून ओळखणारा. त्यानं सांगितलं, "चिमे, दाराला हात लावू नकोस. मी डॉक्टरला घेऊन निघतो, रस्त्यातला बर्फ काढला की पोचलोच. पहिलं दार त्यांना उघडू दे." सल्ला लाखमोलाचा होता, कुणालाही विचारा.

फोन ठेवून चिमी खुर्चीवर बसली. पण बूड टेकेना. मेले असतील तर माझं नाव जाईल, खरं आहे. पण नुसते पडले असतील, ओरडताही येत नसेल, आणि मी इथे शेगडी शेकत बसले, तर माणूस जाईल. हा विचार डोक्यात शिरला आणि ती उठली. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत ती वर गेली. दारापाशी हाक मारायचंही सुचलं नाही. दाराची मूठ फिरवली तर ती नुसतीच खडखडली, आतून कडी होती.

आत काहीतरी सरकलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. कप्तानाचाच, पण असा बारीक की तिला आधी ओळखूच आला नाही. "माझ्या हातात काठी आहे."

"मी आहे."

"मी कोण?"

"चिमी."

"कोण चिमी?"

खरंच की, हे नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "अहो, मी. बाई. चहा करते ती."

दारामागची खुर्ची बाजूला झाली, कडी निघाली. म्हातारा पांढराफटक पडला होता. उजाडल्यापासून ठोकतोय, हात भरून आला, खालून उत्तर नाही, असं ते सांगू लागले. त्यांना वाटलं, बाई रात्रीतच काम सोडून गेली. मग जिन्यावर थांबत थांबत येणारी पावलं ऐकली आणि वाटलं, चोर. "आणि समज, गेली नसशील, खाली मरून पडली असशील," ते खाली बघत म्हणाले, "तर मला ते बघवलं नसतं. म्हणून उतरलो नाही."

चिमीनंही खाली पाहिलं. खोलीभर नवा जाडजूड गालिचा, घोटे बुडावेत असा. काल निघण्याआधी सुनेनं पलंग-कपाट हलवून सासऱ्यांच्या पायांना गार लागू नये म्हणून अंथरला होता. खोलीही तिनंच आवरली, त्यामुळे चिमी वर फिरकलीच नव्हती. त्यावर काठी काय, माणूस कोसळला असता तरी खाली कळलं नसतं. हे मनात आलं आणि चिमी मटकन त्यांच्या पलंगावर बसली.

थोरल्याला कळवलं तर तो म्हणाला, ते ठणठणीत असणार, मला खात्रीच होती.

गालिचा निघणार नव्हता, पलंग आणि कपाट त्यावरच होतं, वर सुनेचा मान. म्हणून आता चिमी वाट बघत नाही. सकाळी चहा घेऊन आपणच जिना चढते. कडी आता ते लावत नाहीत. तरी ती दारापाशी क्षणभर थांबते, आणि आतून ते म्हणतात, "अजून आहे, बाई."

"मग उठा," चिमी म्हणते, "चहा गार होतोय."