मागच्या बाजूच्या मुंग्या

माझ्या डाव्या कुल्ल्याला मुंग्या आल्या, तेव्हा घरात साक्षीला कोणीच नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा-सून बंगळुरूला. विचुंब्याच्या या नव्या सोसायटीत शेजारी म्हणजे बंद दाराबाहेरच्या चपला!

दारापाशीच्या लाकडी खुर्चीवरून उठलो, तर कुल्ला आणि मांडी जागेवर आहेत की नाहीत, हेच कळेना. चिमटा काढून पाहिला. दुसऱ्याच कोणाला तरी काढल्यासारखा वाटला.

डॉक्टरांनी पालथं झोपवून, टाचणी टोचत टोचत मला माझाच भूगोल शिकवला. "कुल्ल्याच्या वरच्या भागाच्या नसा कमरेतून उतरतात. खालचा भाग आणि मांडीची मागची बाजू या दुसऱ्या नसेकडे. मांडीची बाहेरची बाजू तिसरीकडे. यांचं काम एकच, स्पर्शाची बातमी वर पोचवायची. तुम्ही खुर्चीने आणि पट्ट्याने त्यांना दाबून टाकलंय. किती वेळ बसता?"

"दिवसभर. दारापाशीच."

"दारापाशी? कशाला?"

"बेल वाजली तर पटकन उघडता यावं म्हणून."

"कोण येतं?"

"अजून तरी कोणी नाही."

डॉक्टरांनी टाचणी ठेवली आणि पट्टा सैल करून, खाली उशी घेऊन बसायला सांगितलं.

आता ही बातमी घरच्या ग्रुपवर टाकायला हवी होती. पण ग्रुपवर सूनबाई! तिच्यासमोर कुल्ला कसा काढायचा? (म्हणजे, शब्द.) म्हणून सभ्यपणे लिहिलं, 'मागच्या बाजूला फार मुंग्या आल्यात. बसवत नाही.' मुलाचा अंगठा आला. फोन नाही, नुसता अंगठा.

दुसऱ्या दिवशी चक्क बेल वाजली! मी धडपडत उठलो आणि बधिर पायाने थेट दारावरच आपटलो. बाहेर पाठीला फवारणीचा पंप लावलेले शेजारच्या नेरे गावचे एक गृहस्थ.

"मुंग्या कुठं हायत?"

"या इथे!" मी पाठमोरा होऊन जागा दाखवली.

ते दोन पावलं मागे सरकले. "आजोबा, आमी अंगावर नाय मारत!"

उलगडा झाला तेव्हा ते इतके हसले की पंप डचमळला. मीही हसलो. घरात दोन माणसं हसल्याचा आवाज किती दिवसांनी ऐकला!

"बसा हो, चहा टाकतो."

"नको, घाई हाय. तुमच्या पोरानं बोलावलंय, औषध मारावं त लागंल."

त्यांनी मागची गॅलरी, स्वयंपाकघर सगळं फवारलं, मला बाहेर काढलं आणि वास जाईपर्यंत आत जायचं नाही, असं बजावून निघून गेले. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. थंडगार, कडक लादी. थोड्या वेळाने उजव्या कुल्ल्यानेही बातम्या देणं बंद केलं.

तेवढ्यात मुलाचा फोन. "बाबा, गेल्या का मुंग्या?"

"डावीकडे आहेतच. आता उजवीकडेही आल्या."

"बाप रे! परत पाठवतो त्या माणसाला!"

"अरे, त्या मुंग्या नव्हेत. एक नस असते, ती कुल्ल्याच्या खालून..."

"बाबा, मीटिंग आहे. संध्याकाळी बोलू."

संध्याकाळ आली आणि गेली. मला राग आला, आणि रागापेक्षाही एकटं वाटलं. मी धडधाकट असताना कोणी फिरकत नाही. मुंग्या आल्या, तर निदान पंप घेऊन माणूस आला.

म्हणून आज दुपारी ग्रुपवर लिहिलंय, 'पोटात कावळे ओरडताहेत.' अंगठा आलाय. पट्टा सैल करून, खाली उशी घेऊन मी दारापाशी बसलोय. चहाचं आधण दोन कपांचं ठेवलंय; कावळे पकडणाऱ्याला तरी घाई नसावी!